मीटरवर १.५६, तरीही प्लेट लाल : एका जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका काकांकडे डायनाको स्टिरिओ ७० हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. त्यांचे थोरले भाऊ १९७०च्या दशकात अमेरिकेत शिकायला होते. तिथे त्यांनी तो किट म्हणून विकत घेतला, स्वतःच्या हातांनी सोल्डर केला आणि परत येताना ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून आणला. भाऊ आता नाहीत. काका रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर एलपी लावतात आणि ॲम्पवरची धूळ स्वतःच पुसतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

या ॲम्पबद्दल थोडं सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने डेव्हिड हॅफलर यांच्या काळात, १९५९ साली तो बाजारात आणला. दोन चॅनेल, प्रत्येकी ३५ वॅट. प्रत्येक चॅनेलला ईएल३४ जातीचे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आणि त्यांना सिग्नल पुरवणारा एक ७१९९, शिवाय दोन्हींना मिळून जीझेड३४ हा एक रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह. घरी जुळवता येईल इतका सोपा आणि कानाला महागड्या ॲम्पांच्या जवळ जाणारा, म्हणून तो लाखोंनी खपला.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे तो बायस आधी समजून घेऊ. व्हॉल्व्हमध्ये करंट कॅथोड आणि प्लेट या दोन टोकांमध्ये वाहतो, आणि मधली कंट्रोल ग्रिड ही जाळी त्याला आवर घालते. ईएल३४च्या या ग्रिडवर उणे व्होल्टेज दिलेलं असतं, तोच बायस. ते जितकं जास्त उणे, तितका व्हॉल्व्हमधून जाणारा करंट कमी. ते फार कमी उणे झालं की करंट वाढतो, प्लेट तापते आणि शेवटी अंधारात दिसेल इतकी लाल होते. स्टिरिओ ७० मध्ये प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही व्हॉल्व्हचे कॅथोड एकत्र जोडून एकाच १५.६ ओहमच्या रेझिस्टरमधून चासीला, म्हणजे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला, नेलेत. त्या रेझिस्टरवर १.५६ व्होल्ट दिसले की १०० मिलिॲम्पिअर, म्हणजे दोघांना प्रत्येकी ५०. मोजायची जागा पुढच्या पट्टीवर, बायस कमी-जास्त करायला फिरवायचा पॉटही वरूनच, खालचं झाकण उघडायची गरजच नाही. आकडाही हुशारीने निवडलेला : नव्याकोऱ्या टॉर्चच्या सेलचं व्होल्टेज जवळपास तेवढंच असतं, त्यामुळे साधा मीटर खरा की खोटा हे घरबसल्या ताडून बघता येतं.

या सुंदर सोयीत एक आंधळी जागा आहे. रेझिस्टर दोघांची बेरीज सांगतो, वाटणी सांगत नाही.

अडचण

काकांच्या पुतण्याने वाढदिवसाला म्हणून चार नवे ईएल३४ मागवले. चौघे एकसारखे मोजून जुळवलेले, तसं खोक्यावर लिहिलेलं होतं. त्याने जुने काढून नवे बसवले आणि मला फोन केला. मी त्याला बायस कसा लावायचा ते फोनवरच सांगितलं : आठ ओहमचे स्पीकर जोडलेले ठेव, दहा मिनिटं तापू दे, मीटर डीसीवर लाव, दोन्हीकडे १.५६ आण. त्याने अगदी तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी रात्री पुन्हा फोन. डाव्या चॅनेलचा पुढचा व्हॉल्व्ह वीस-पंचवीस मिनिटांनी लाल होतोय. सुरुवातीला काहीच नाही, मग प्लेटच्या शिवणीजवळ मळकट तांबूस डाग आणि तो हळूहळू पसरतो. आवाजही बदललेला. काका म्हणाले, तानपुरा घोगरा लागतोय, जोडाच्या तारा जुळत नाहीत. पुतण्याने लगेच मीटर लावला होता. डावीकडे १.५५, उजवीकडे १.५६.

मागून काकांचा आवाज आला, “अरे, आकडा बरोबर आहे ना, मग हा लाल का होतोय?”

प्रश्न अगदी नेमका होता. मी “बंद करून ठेवा, रविवारी येतो,” एवढंच म्हणालो. पुतण्याचा निष्कर्ष तयार होता : एक व्हॉल्व्ह सदोष निघाला, संच परत पाठवायचा.

तपासणी

रविवारी गेलो तेव्हा सोबत सिरीज बोर्ड (मध्ये बल्ब घालून करंट आवरणारा), डिमरस्टॅट (विजेचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा), दोन मीटर आणि आठ ओहमचे दोन ५० वॅटी रेझिस्टर घेतले. व्हॉल्व्ह ॲम्प लोडशिवाय, म्हणजे स्पीकर किंवा तसा रेझिस्टर जोडल्याशिवाय, चालू करायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. काकांचे स्पीकर मात्र मला या तपासणीत गुंतवायचे नव्हते.

आधी फ्यूज बघितला. काचेच्या फ्यूजभोवती तांब्याची तार गुंडाळलेली! कधीतरी, कुणीतरी, वेळ मारून नेलेली. म्हणजे व्हॉल्व्ह शॉर्ट झाला असता तर फ्यूजऐवजी पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला असता, आणि तो ट्रान्सफॉर्मर इथे मिळत नाही. ती तार काढून योग्य स्लो-ब्लो फ्यूज टाकला आणि मगच पुढे गेलो.

पहिली चाचणी प्रत्येक मेकॅनिक करतो तीच : डाव्या चॅनेलच्या दोन व्हॉल्व्हची अदलाबदल. चालू केला, अर्धा तास थांबलो. लाल झाला तो पुढच्या सॉकेटमधलाच, म्हणजे कालपर्यंत थंड असलेला. दोष व्हॉल्व्हबरोबर हलला नाही, जागेवरच राहिला. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष, सर्किट आजारी.

मग खालचं झाकण काढलं. इथे चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते कॅपॅसिटरमध्ये राहू शकतात. मी १० किलोओहमचा पाच वॅटी रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी जोडून चार्ज उतरवतो, मीटरवर शून्याजवळ आलेलं डोळ्यांनी बघतो, मगच हात घालतो. चालू ॲम्पमध्ये मोजताना काळी क्लिप चासीला लावून एक हात पाठीमागे.

ईएल३४ची पाच नंबरची पिन म्हणजे कंट्रोल ग्रिड. उजवीकडे दोन्ही सॉकेटवर उणे ३४. डावीकडे मागच्यावर उणे ४२ आणि पुढच्यावर उणे २९.

दोन्ही ग्रिडना व्होल्टेज एकाच पॉटमधून येतं. ती सारखीच असायला हवीत. तेरा व्होल्टांची तफावत म्हणजे कुठून तरी अधिक (पॉझिटिव्ह) व्होल्टेज पुढच्या ग्रिडवर झिरपत होतं. काय झालं असणार ते आता उघड होतं. पुतण्या पॉट फिरवत होता तो बेरीज १.५६ व्हावी म्हणून. पुढचा व्हॉल्व्ह एकटाच ८५ मिलिॲम्पिअर ओढत होता, म्हणून बेरीज जुळवायला मागच्याला पंधरापर्यंत खाली दाबावं लागलं. बेरीज शंभर, मीटर समाधानी. पण ८५ मिलिॲम्पिअर आणि ४१० व्होल्ट म्हणजे जवळपास ३५ वॅट, आणि ईएल३४ची प्लेट २५ वॅटपर्यंतच सोसते. तानपुरा घोगरा होण्याचं कारणही हेच : एक व्हॉल्व्ह उतू जातोय, दुसरा उपाशी, मग आवाजाच्या लाटेचे दोन अर्धे एकमेकांना जुळणार कसे?

आता झिरपतंय कुठून? दोनच शक्यता. एकतर व्हॉल्व्हमध्येच गॅस झालाय, म्हणजे आतली निर्वात पोकळी बिघडलीय, आणि ग्रिड करंट वाहतोय, नाहीतर आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर गळतोय. त्याच्या एका टोकाला ७१९९च्या प्लेटचे २९० व्होल्ट असतात. सिग्नल जाऊ द्यायचा आणि हे डीसी अडवायचं, एवढंच त्याचं काम.

निवाडा करायला सोपी रीत आहे. ॲम्प बंद करून डावीकडचे दोन्ही ईएल३४ काढले, पुन्हा चालू केला, तीच पिन मोजली. व्हॉल्व्हच नाही म्हटल्यावर ग्रिड करंटचा प्रश्न उरत नाही. मीटर उणे २८ दाखवत राहिला. म्हणजे कॅपॅसिटरच. हिशेबही बसतो : ग्रिडचा रेझिस्टर २७० किलोओहमचा, त्यावर तेरा व्होल्ट वाढले म्हणजे सुमारे ४८ मायक्रोॲम्पिअर गळती, म्हणजे कॅपॅसिटरचा रोध उरलाय फक्त साडेसहा मेगोहम. साध्या मीटरने ओहमवर तपासला असता तर चांगलाच वाटला असता, कारण तो मीटर दोन-तीन व्होल्टांवर मोजतो आणि गळती वाढते ती तीनशे व्होल्टांवर, गरम झाल्यावर. वीस मिनिटं काहीच न होण्याचं कोडंही इथेच सुटतं.

कोणते पर्याय होते

पुतण्याचा पर्याय, संच परत करून दुसरा मागवायचा, आपोआप बाद झाला. दुसरा संचही त्याच सॉकेटमध्ये तसाच लाल झाला असता.

दुसरा पर्याय बरेच जण वापरतात : लाली जाईपर्यंत बायस खाली आणायचा. मला तो पटत नाही. पुढचा थंड होईपर्यंत मागचा पूर्ण बंद पडला असता, आणि गळती वाढतच जाणारी असते. महिन्याभराने पुन्हा तेच.

तिसरा, अमेरिकेत लोकप्रिय असलेला पर्याय म्हणजे मधलं ड्रायव्हर बोर्ड काढून नवीन डिझाइनचं बोर्ड टाकायचं. त्यात प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा पॉट मिळतो, आणि आता दुर्मीळ झालेल्या ७१९९ची गरजही संपते. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात सरस. मी तो काकांसमोर प्रामाणिकपणे मांडला. ते काही वेळ उघड्या ॲम्पकडे बघत राहिले. बोर्डाच्या कडेला त्यांच्या भावाने पेन्सिलीने बारीक अक्षरात पायऱ्यांचे क्रमांक लिहिलेले होते, सोल्डर करून झालेल्या प्रत्येकासमोर बरोबरची खूण. काका म्हणाले, “हे नको काढूस.” तो पर्याय तिथेच मिटला, आणि माझ्या मते योग्यच मिटला.

उरला चौथा : जुनं बोर्ड ठेवून गळके भाग बदलायचे आणि दोन्ही व्हॉल्व्हचा करंट वेगवेगळा दिसेल अशी, पुन्हा मूळपदावर नेता येईल अशी सोय करायची. तेच ठरलं.

याच वेळी आणखी एक निर्णय घ्यायचा होता, बायसचा करंट किती ठेवायचा. मॅन्युअल ५० मिलिॲम्पिअर म्हणतं. पण हा ॲम्प ६० सायकलच्या विजेसाठी बनलेला, आपल्याकडे ५०. व्होल्टेज आणि सायकल यांचं प्रमाण बघितलं तर १२० व्होल्ट ६० सायकलला जे २ येतं, ते ११० व्होल्ट ५० सायकलला २.२ होतं. स्टेप-डाऊन (आपल्या विजेचे ११० व्होल्ट करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर) लावूनही ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर दहा टक्के जास्त ताण. त्यात हा पॉवर ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतही गरम चालण्यासाठी प्रसिद्ध आहे. शिवाय पेठेतली वीज : दुपारी २२२, रात्री दहानंतर २४०. स्टेप-डाऊनवर ११० लिहिलंय, पण त्यातून निघत होते १०७ ते ११६. रात्री प्लेट व्होल्टेज ४३०च्या घरात. त्यावर ५० मिलिॲम्पिअर ठेवले तर प्रत्येक व्हॉल्व्ह साडेएकवीस वॅटवर बसणार, काही न वाजवताही. मी ४० ठरवले, म्हणजे सुमारे १७ वॅट, मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आत. कॅथोडच्या करंटमध्ये स्क्रीन या दुसऱ्या ग्रिडचाही थोडा वाटा असतो, त्यामुळे प्लेटवर प्रत्यक्षात याहूनही कमी.

काय केलं

पहिलं काम बायसच्या सप्लायचं, कारण तो गेला तर चारही व्हॉल्व्ह एकदम जातात. त्यात मूळचा सेलेनियम रेक्टिफायर होता, चौकोनी पत्र्यांचा. सेलेनियम वयाबरोबर थकतो आणि जळला तर घरभर असह्य घाण वास सुटतो, एकदा अनुभवलाय. त्या जागी १एन४००७ डायोड आणि दोन नवे इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर टाकले. इथे सप्लाय उणे असतो, त्यामुळे कॅपॅसिटरचं अधिक टोक चासीला जातं. हात सवयीने उलटं लावायला जातो, म्हणून मी आधी कागदावर काढून ठेवतो. सिलिकॉन डायोडमध्ये व्होल्टेज कमी खर्च होतं, त्यामुळे उणे व्होल्टेज तीन-चारने वाढलं. पॉटच्या कक्षेत ते बसलं.

मग डाव्या चॅनेलचे दोन्ही कपलिंग कॅपॅसिटर बदलले. ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट, फिल्मचे, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतात. जुना काढताना त्याच्या टोकाशी मेणासारखा द्रव जमलेला दिसला.

१५.६ ओहमचे दोन्ही रेझिस्टर काढून प्रत्येक ईएल३४च्या कॅथोडला स्वतःचा १० ओहम, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर दिला. पिन १ आणि ८ एकत्र, तिथून रेझिस्टर, तिथून चासी. एक ओहम का नाही, असं पुतण्याने विचारलं. त्याच्या मीटरवर ०.०४ आणि ०.०४२ यातला फरक नीट कळत नाही, ०.४० आणि ०.४२ मधला कळतो. मूळ रेझिस्टर एका पुडीत घालून झाकणाच्या आत चिकटवले. पुढेमागे कुणाला मूळ अवस्था हवी असेल तर दहा मिनिटांचं काम.

नंतरची दुपार व्हॉल्व्ह मोजण्यात गेली. सगळे एकाच सॉकेटमध्ये, एकाच उणे ३६ व्होल्टांवर, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. नव्या चारांत ४१, ४० आणि ४३ मिलिॲम्पिअर निघाले. चौथा, म्हणजे दोन रात्री लाल झालेला, ४० पासून सुरू झाला आणि चढत चढत अर्ध्या तासात ४७ वर गेला, थांबायचं नाव घेईना. या वेळी ग्रिडचं व्होल्टेजही हळूहळू वर सरकत होतं, नवा कॅपॅसिटर असूनही. म्हणजे आता खरोखरच त्या व्हॉल्व्हमध्ये गॅस झाला होता. दोष सर्किटचा होता, पण त्याने व्हॉल्व्हचा बळी घेतला.

मी विचारलं, जुने व्हॉल्व्ह कुठे आहेत? पुतण्याने पलंगाखालून चपलांचा खोका काढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार ईएल३४, काचेवर पुसट ‘ग्रेट ब्रिटन’. येत्या आठवड्यात भंगारवाल्याला जायचे होते. मोजले : ३९, ३८, ३० आणि २२. दोन थकलेले, दोन ठणठणीत.

डावीकडे जुनी जोडी ३९-३८, उजवीकडे नवी ४१-४०, आणि ४३चा एक शिलकीत. रात्री साडेदहाला, वीज २३९ असताना, शेवटचा बायस लावला : चारही ०.३९ ते ०.४१ व्होल्टच्या, म्हणजे ३९ ते ४१ मिलिॲम्पिअरच्या, दरम्यान. एक तासाने पुन्हा बघितला, तेवढाच. दुसऱ्या दिवशी दुपारी २२२ वर ३७ मिलिॲम्पिअर निघाले. प्लेटचं आणि बायसचं व्होल्टेज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येत असल्याने दोन्ही बरोबरच खाली येतात, म्हणून फरक एवढाच.

काय निष्पन्न झालं

काकांनी मालकंसाची एक एलपी लावली, जी ते महिनाभर टाळत होते. तानपुरा सुरू झाला. ते काही बोलले नाहीत, खुर्चीत मागे टेकून बसले आणि बाजू संपेपर्यंत उठले नाहीत. पॉवर ट्रान्सफॉर्मर दोन तासांनी ६२ अंशांवर होता, आधी ७१ होता. दर महिन्याला पुतण्या चार आकडे मोजून वहीत लिहितो. पहिल्या दोन महिन्यांत एकही व्हॉल्व्ह दोन मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त हलला नाही.

तिसऱ्या महिन्यात उजवीकडचा एक ४०वरून ४६वर गेला. पुतण्याने त्याच संध्याकाळी ॲम्प बंद केला आणि फोन केला. गळका निघाला तो उजवीकडचा कपलिंग कॅपॅसिटर. या वेळी लाली यायच्या आधीच सापडला. १५.६ ओहमचा जुना रेझिस्टर असता, तर बेरजेतली ही वाढ विजेच्या चढउतारात कुणाच्या लक्षातही आली नसती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक माझी, फोनवरची. मी आकडा सांगितला, पण आकड्याची मर्यादा सांगितली नाही. ५० वर्षांच्या ॲम्पमध्ये नवे व्हॉल्व्ह घालायच्या आधी व्हॉल्व्ह काढून चारही ग्रिडची व्होल्टेज मोजायला हवी होती. त्याला झाकण काढावं लागतं आणि आत चारशे व्होल्ट असतात, म्हणून ते फोनवर सांगण्यासारखं कामच नव्हतं. मी “थांब, मी येतो” म्हणायला हवं होतं.

दुसरी चूक, अदलाबदलीची चाचणी मी अर्धा तास चालवली. लाली दिसेपर्यंत थांबायची काही गरज नव्हती, पाच नंबरची पिन मोजली असती तर पाच मिनिटांत तफावत कळली असती. तो दुसरा व्हॉल्व्ह वाचला हे नशीब.

तिसरी, उजवीकडचे कॅपॅसिटर मी तेव्हाच बदलले नाहीत. त्या दिवशी ते उणे ३४ दाखवत होते आणि भावाच्या हातचं शक्य तेवढं जपायचं असं मनात होतं. पण चारही एकाच वयाचे, एकाच उष्णतेत शिजलेले. एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत होते. जपायच्या त्या पेन्सिलीच्या खुणा, आणि त्या कॅपॅसिटर बदलूनही तशाच आहेत.

निर्णय म्हणून ४० मिलिॲम्पिअरबद्दल अजून मतभेद होतात. एका जाणकार मित्राच्या मते ५०ला हलक्या आवाजात गोडवा जास्त असतो. मी काकांना दोन्ही ऐकवले, कुठलं कोणतं ते न सांगता. त्यांना एकदा हे आवडलं, एकदा ते. ट्रान्सफॉर्मर थंड राहतो त्या बाजूने मी कौल दिला.

आता राहिलंय ते ७१९९चं. दोन्ही अजून व्यवस्थित आहेत, शिलकीत एकही नाही. झाकणाच्या आत त्या पुडीशेजारी पुतण्याने एक कागद चिकटवलाय : चार सॉकेट, चार आकडे, विजेचं व्होल्टेज, तारीख. सर्वांत वर काकांच्या अक्षरात, शाईच्या पेनने, भावाचं नाव आणि ‘यांनी जुळवला’.